फाल्गुनातली नोंद कोणासाठी?

साशंक : तळोद्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाताना फाल्गुन-चैत्रात काय दिसतं, ते प्रामाणिकपणे सांगा. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, तुटलेल्या उसाचं पाचट पेटवलेलं, आणि टेकड्या लागल्या की पायाखाली सागाची वाळकी पानं. नाले आटलेले. आपल्याकडे रानफुलांचे दिवस श्रावण-भाद्रपदाचे. दुर्बीण आणि वही घेऊन वसंतातले पक्षी, कीटक आणि फुलं टिपत हिंडण्याची रीत थंड मुलखातली आहे. तिथे बर्फ वितळतं, गवतातून फूल वर येतं आणि दूर गेलेले पक्षी घरी परततात. आपल्याकडे याच महिन्यांत हिवाळी पाहुणे निघून जातात आणि जमीन भाजायला लागते. मग परक्या ऋतूची कल्पना घेऊन आपल्या उन्हात का फिरायचं?

पक्षिमित्र : तुम्ही सांगितलंत ते सगळं जमिनीवरचं आहे. या पानगळीच्या रानात वसंत झाडांवर येतो. पळस आधी पानं टाकतो, मग फुलतो. काटेसावर आणि पांगाराही तसेच. पाण्याचा तुटवडा असताना पानं सांभाळणं झाडाला परवडत नाही, आणि उघड्या फांदीवरचं लाल-केशरी फूल पक्ष्याला लांबून दिसतं. पळसाचं फूल मोठं, जाड पाकळ्यांचं, रसानं भरलेलं आणि जवळजवळ बिनवासाचं असतं, कारण ते पक्ष्यासाठी घडलेलं आहे. एका पळसाखाली अर्धा तास थांबा. शिंजीर फुलात चोच घालतो आणि अंगाला लागलेला पराग पुढच्या फुलावर नेतो. खार फुलं कुरतडून रस पिते. पळसमैनांचा थवा गलका करत उतरतो आणि एप्रिलच्या सुमारास तोच थवा मध्य आशियाच्या वाटेला लागतो. बांधावरच्या रुईवर काळा भुंगा असतो. रुईचा पराग सुट्या कणांचा नसतो, त्याच्या चिकट जुड्या असतात आणि त्या वाहून न्यायला असाच दणकट कीटक लागतो. नाल्यात जिथे थोडी ओल उरली आहे तिथे फुलपाखरं वाळूला सोंड लावून क्षार शोषत बसतात, आणि त्यात बहुतेक नर असतात. दरडीवर धायटी लाल झालेली, वर तांबटाची ठोकठोक अखंड चाललेली. आणि सागाच्या विरळ रानात भर दिवसा उघड्या फांदीवर बसणारा रानपिंगळा. त्याचा विणीचा काळ हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे या दिवसांत एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत त्याची पिल्लं असू शकतात. ही कल्पना मी बाहेरून आणलेली नाही. इथला वसंत इथल्या कोरडेपणातूनच येतो.

साशंक : ऋतूबद्दलची हरकत मागे घेतो. पाहण्याबद्दलची हरकत मात्र कायम आहे. ज्या पळसमैनेचं तुम्ही कौतुक करता, तीच भोरडी ज्वारी हुरड्यावर आली की शेतकऱ्याला माळ्यावर चढून गोफणीनं हाकलावी लागते. थवा कुठून येतो, उन्हाच्या कोणत्या वेळी उतरतो, शेताच्या कोणत्या कडेला आधी बसतो, हे त्याला पिकाचं मोल देऊन कळलेलं आहे. मोहाचंही तसंच. पहाटे टोपली घेऊन रानात जाणाऱ्या भिल्ल किंवा पावरा बाईला कोणतं झाड आधी गळतं, कोणत्या झाडाची फुलं जास्त गोड, आभाळ भरून आलं की पुढे किती कमी फूल पडणार, हे ठाऊक असतं. तिचा अंदाज चुकला तर त्या दिवसाची कमाई बुडते. तुमची नोंद चुकली तर तुमचं काहीच बिघडत नाही. ज्या पाहण्याला अशी किंमत मोजावी लागत नाही, ते कितपत खोल जाणार? सकाळच्या फेरीत तुम्ही चाळीस नावं लिहून आणाल. त्यांपैकी एकाशी तरी तुमचा देण्याघेण्याचा संबंध असतो का?

पक्षिमित्र : त्या बाईचं ज्ञान माझ्यापेक्षा खोल आहे, यात मला शंका नाही. पण खोल ज्ञानालाही एक मर्यादा असते. ते आठवणीत राहतं, आणि आठवण वर्षांची तुलना करताना फसते. आपल्याकडे पळस होळीशी जोडलेला आहे. काठीच्या राजवाडी होळीपासून पाड्यापाड्यांवरच्या होळ्यांपर्यंत साऱ्या सातपुड्याचा फाल्गुन होळीभोवती फिरतो. 'होळीला पळस ऐन भरात होता' असं लोक सांगतात आणि ते खरंच सांगतात. पण २०२४ साली होळी २४ मार्चला पेटली आणि २०२५ साली १३ मार्चला. पुढे अधिक महिना आला की तारीख पुन्हा पुढे सरकते. समजा दोन्ही वर्षी होळीला पळस भरात होता. मग दुसऱ्या वर्षी तो अकरा दिवस आधी फुलला, की त्याचा बहारच इतका लांब असतो की दोन्ही तारखा त्यात बसल्या? आठवणीतून याचं उत्तर मिळणार नाही. झाड तिथी पाळत नाही. पहिली कळी, पहिलं फूल आणि शेवटचं फूल यांच्या तारखा कोणीतरी वर्षानुवर्षं लिहिल्या तरच कळेल. सीझनवॉचसारख्या उपक्रमात लोक एकेक झाड निवडून आठवड्याला एकदा एवढंच लिहितात. त्यात विद्वत्ता लागत नाही, सातत्य लागतं. उष्मा वाढतो आहे, अवकाळी पाऊस येतो आहे. अशा काळात मोह आधी गळू लागला का, हा प्रश्न त्या बाईच्याच टोपलीचा आहे.

साशंक : ती मोह गोळा करायला होळी पाहून जात नाही, झाडाखाली जाऊन कळी पाहते. पण तुलनेचा तुमचा मुद्दा रास्त आहे. तरीही ज्या नोंदींवर ही तुलना उभी करायची, त्या कशा होतात ते पाहा. हौशी माणूस सुटीच्या दिवशी जातो, गाडी जाईल तिथवर जातो, आणि ज्याची चर्चा आहे तेच शोधतो. रानपिंगळा दिसला की दहा छायाचित्रं येतात, साळुंकी शंभर दिसल्या तरी लिहायची राहते. असं वीस वर्षं चाललं तर जमा होईल ती माणसांच्या आवडीची नोंद. रानाची नोंद ती होणार नाही. शिवाय लिहिलेलं खोटंही असू शकतं. या रानपिंगळ्याच्याच बाबतीत तसं घडलं आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचं दाखवलं, आणि ते कागदावर असल्यामुळे वर्षानुवर्षं खरं मानलं गेलं. तोंडी सांगितलेली चूक गावात दुसरा माणूस दुरुस्त करतो. छापलेली चूक मात्र बिनबोभाट पुढच्या पुस्तकात जाते.

पक्षिमित्र : ती गोष्ट शेवटपर्यंत सांगू या, कारण तिचा उत्तरार्ध इथे आपल्या शेजारी घडला आहे. ब्लेविट यांनी १८७२ साली आजच्या छत्तीसगडात हा पक्षी मिळवला, पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी इथे आणखी काही नमुने जमवले. १८८४ नंतर खात्रीची एकही नोंद नाही. सालीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोधूनही तो सापडला नाही. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले मोजके नमुने तपासले. माइनर्ट्झहागेन यांनी आपला म्हणून दाखवलेला पक्षी मुळात डेव्हिडसन यांचा होता, संग्रहालयातून काढून नव्यानं भरलेला, हे त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी शिवण आणि आतलं भरण पाहून सिद्ध केलं. खोटं ठिकाण गळलं आणि शोधायच्या जागा खऱ्या उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट त्या जुन्या ठिकाणांवर गेले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या टेकड्यांत त्यांना तो दिसला, ११३ वर्षांनी. नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोद्याच्या वनक्षेत्रात त्याचा अभ्यास केला. खोटी नोंद पकडली गेली ती नोंदींमुळेच. नमुना जपलेला होता, चिठ्ठी जपलेली होती, म्हणून तपासता आली. तुम्ही म्हणता तो आवडीचा दोषही नोंदीतच धरता येतो. किती वेळ चाललो, किती अंतर गेलो, ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहिला की निवडक, हे लिहिलं की पुढचा माणूस माझ्या नोंदीचं वजन ठरवू शकतो. सगळं लिहिण्याची शिस्त पाळली तर न दिसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. 'आज तासभर उन्हात चाललो, नीलपंख दिसला नाही' हे वाक्य मला दुर्मिळ पक्ष्याच्या छायाचित्राइतकंच मोलाचं वाटतं.

साशंक : ११३ वर्षांनी दिसला, हे कोणाच्या डोळ्यांनी? हा पक्षी काळोखात लपत नाही. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडाच्या फांदीवर बसतो, शेपटी झटकतो, सरडे आणि उंदीर धरतो. त्या ११३ वर्षांत या टेकड्यांत गुरं चारणारी माणसं होती, लाकूडफाटा आणणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या डोक्यावरून तो रोज पाहत असेल. ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना कोणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं असतं त्यांनी पाहिलं नव्हतं. नोंदीच्या तुमच्या जगात तो 'नाहीसा' होता, रानात तो होताच.

पक्षिमित्र : असेलही. पण त्या गुराख्याला तो साध्या पिंगळ्याहून वेगळा वाटत होता का? पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, पाय दणकट, छातीवर रुंद तपकिरी पट्टे. हा फरक त्यानं केला असेल, नसेलही. आपण विचारलं नाही म्हणून आज दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही. मी वही मागतो ती अशा जागीच. त्याला विचारून त्याच्या शब्दांत लिहायला हवं होतं.

साशंक : आता पुढचं ऐका. रानपिंगळा मेळघाटात, यावलमध्ये, मध्य प्रदेशात, ठाण्याच्या तानसा अभयारण्यात सापडत गेला. २०१८ साली जागतिक यादीत त्याची वर्गवारी 'अतिसंकटग्रस्त'वरून एक पायरी खाली आली. ठिकाणं वाढली ती वहीत. त्याच काळात त्याच्या रानाचं काय झालं? १९९०पासूनच्या काही वर्षांत सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी तळोद्याच्या राखीव जंगलाची चार हजारांहून जास्त हेक्टर जमीन मोकळी करून दिली गेली. पक्षी पुन्हा सापडण्याच्या आधीच त्याच्या घराचा मोठा तुकडा तोडून झालेला होता. तेव्हा तिथले पळस किती, मोह किती, कोणती फुलपाखरं, हे कोणी मोजलं?

पक्षिमित्र : जवळजवळ कोणीच नाही, आणि त्यामुळेच आज किती गेलं ते सांगता येत नाही. तोडल्या गेलेल्या रानातल्या दहा-वीस वसंतांच्या साध्या याद्या असत्या, तर नुकसानाला आकार आला असता. आता फक्त हेक्टर उरले आहेत, आणि हेक्टरवरून रान कळत नाही.

साशंक : त्या याद्या असत्या तर त्या कोणाविरुद्ध वापरल्या गेल्या असत्या? तिथे वसलेली माणसं नर्मदेकाठच्या मणिबेलीसारख्या गावांतून आलेली. त्यांचं स्वतःचं रान, नदी आणि मोहाची झाडं पाण्याखाली गेली. रान तोडायचा निर्णय त्यांचा नव्हता. पण यादी हातात आली की बोट त्यांच्याकडेच जातं. आजही पाहा. मोह वेचण्याआधी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्या आगीत सरडे मरतात, कीटक जातात, रोपं करपतात आणि कधी तिचा वणवा होतो. हे खरं आहे आणि तुमच्या वहीत ते येईल, कारण फेरीला गेलेल्या माणसाला धूर दिसतो. धरणाचा निर्णय झाला ती खोली त्याला दिसत नाही. चालत फिरणाऱ्याच्या नोंदीत नेहमी काडी ओढणारा हात सापडतो. म्हणून मला तुमच्या निरागस फेरीची भीती वाटते.

पक्षिमित्र : हे मला टाळता येणार नाही. पायी चालून जे दिसतं ते जवळचं कारण असतं, दूरचं कारण कागदांत शोधावं लागतं. मग नोंदीला दोन्ही लागतील. जळालेला पाला लिहायचा, आणि झाडाखाली जाळी अंथरली तर न जाळताही फूल वेचता येतं, त्या जाळ्यांचा खर्च कोणी उचलायचा, हेही लिहायचं. दुसरी गोष्ट, वही माझ्याकडे का असावी? २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची लोकजैवविविधता नोंदवही सांगितलेली आहे. गावाच्या हद्दीतली झाडं, प्राणी आणि लोकांचं त्याबद्दलचं ज्ञान तिथे गावाच्याच समितीनं लिहून ठेवायचं. पळसाच्या तारखा, मोहाची गळ, आग्या मोहोळ कधी आलं आणि कधी उठलं, हे त्या वहीत गेलं तर ती पाड्याची साक्ष होईल. मी आलो तर लिहायला मदत करीन. उद्या कोणी पुन्हा रान मोकळं करायला आलं, तर ती वही तोडणाऱ्याच्या विरुद्ध उभी राहील, राहणाऱ्याच्या नाही.

साशंक : नोंदवहीची तरतूद असणं आणि ती गावात उघडून वाचली जाणं यांत अंतर आहे. आणि वही गावाची झाली तरी एक पेच सुटत नाही. रानपिंगळ्याची ढोली तिच्यात लिहायची की नाही? लिहिली तर ती जागा फुटू शकते. घुबडांचा अघोरी विधींसाठी व्यापार होतो हे तुम्हाला माहीत आहे. छायाचित्रासाठी येणाराही कमी त्रास देत नाही. ध्वनिमुद्रित आवाज लावून, ऐन पिल्लांच्या दिवसांत, पक्ष्याला पुन्हा पुन्हा बाहेर काढतो. आणि लिहिली नाही, तर ज्या झाडावर ती ढोली आहे ते तोडायला आले की गावाकडे दाखवायला काय असेल? पुरावा हवा म्हणून उघड करायचं, की पक्षी वाचावा म्हणून गप्प बसायचं?

पक्षिमित्र : नोंदींची काही संकेतस्थळं संकटातल्या पक्ष्यांची नेमकी जागा झाकून ठेवतात. माझ्यापुरता नियम असा : विणीच्या काळात ढोलीजवळ थांबायचं नाही, आवाज लावायचा नाही, जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही. पण झाकलेली जागा कोणाला उघडी असावी, या प्रश्नावर मी अडतो. वनखात्याला? अभ्यासकाला? ग्रामसभेला? आजवर पहिल्या दोघांना उघडी आणि तिसऱ्याला झाकलेली, असंच चालत आलं. ते उलटं करायचं म्हटलं तर गावानंही जागा जपण्याची जबाबदारी घ्यायला हवी, आणि ती जबाबदारी पोट हातावर असलेल्या माणसावर मी कोणत्या तोंडानं टाकू?

साशंक : आपण सुरू केलं तेव्हा मी विचारत होतो, ही फेरी कशासाठी. आता तो प्रश्न मला अपुरा वाटतो. पळस पाहावा, भुंगा ओळखावा, तारीख लिहावी, हे मी मान्य करतो. पण क्रमाबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. ज्यांच्या रानात जाता, त्यांना आधी विचारा. काय लिहिलेलं त्यांना हवं आहे, काय लिहिलेलं त्यांना धोक्याचं वाटतं, कोणतं नाव त्यांचं आहे, हे ठरू दे. मग वही उघडा. त्याला दोन वर्षं लागली तरी चालतील.

पक्षिमित्र : आणि मला दोन वर्षं थांबणं परवडत नाही. या वर्षीची पहिली कळी या वर्षीच दिसते. न लिहिलेला वसंत नंतर विचारून परत मिळत नाही, जसा तळोद्याच्या तोडलेल्या रानाचा मिळाला नाही. मी विचारत विचारत लिहीन, चुकेन तिथे खोडीन, आणि ढोलीची जागा पानावर येऊ देणार नाही. पण लिहिणं थांबवणार नाही.

साशंक : मग मतभेद नेमका इथे आहे, असं समजू. तुम्हाला हातून निसटणाऱ्या ऋतूची घाई आहे, मला न विचारता घेतलेल्या नोंदीची धास्ती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यंदा तुम्ही पायथ्याला जाल तेव्हा मी बरोबर येतो. वही तुम्ही धरा. पहिल्या पाड्यावर थांबून ती कोणाला वाचून दाखवायची, हे मात्र तिथेच, तिथल्या लोकांसमोर ठरवू, आणि त्यांनी नको म्हटलं तर तुम्ही काय कराल, याचं उत्तर तुम्ही मला अजून दिलेलं नाही.